गोधडीचं टोक

बहात्तर साली नारपोलीच्या लूमवाल्या शेठनं स्वतःचं छोटं विमान घेतलं. शेठ आपले दोन्ही कुत्रे त्यातून सोबत न्यायचा आणि त्यांना सांभाळायला पंढरीला. पंढरीची बायको राही त्या कुत्र्यांवर जळायची. नवऱ्याची माया सगळी त्यांच्यावर. चार महिन्यांच्या ठकीला मात्र बाप जवळ आला की रडू फुटायचं.

त्या सकाळी तो पाळण्यापाशी घुटमळला. "राही, ठकीची गोधडी दे. कुत्रे भितात वर."

"माज्या लुगड्याची गोधडी हाय ती! कुत्र्यांना घालू?"

"दोन दिसांत आणतो न्हवं."

"न्या. पाळणा पन न्या, झोके द्या त्यांना!"

तो गोधडी काखेत मारून गेलाच. दोन दिवस राही ठकीला पदरात निजवत राहिली आणि कुत्र्यांना शिव्या घालत राहिली.

पंढरी परतला तशी तिनं गोधडी हिसकावली, अंगणात नेऊन दणादण झटकली. कुत्र्याचा एक केस पडला नाही. फक्त एक टोक पिळवटून चुरगळलं होतं, ठकी झोपेत मुठीत धरते तसं.

"कुत्रे कुटं बसले व्हते?"

"खाली. विमान उडालं की घोरतात मेले," पंढरी खाली बघत म्हणाला.

पुढच्या खेपेला गोधडी राहीनंच त्याच्या पिशवीत घातली. म्हणाली, "असू दे. कुत्रे भितात."