गळ्यातली पट्टी

सकाळी अकरा वाजता बुटीबोरीच्या कारखान्यात शाल्मली हुद्दारची मुलाखत सुरू झाली. मुलाखतीत चुकीचं ठरेल असं वाक्य घशातच बदलणारी पट्टी तिच्या गळ्यात होती.

“जुनी नोकरी का सोडली?” मॅनेजर धाबेकरांनी विचारलं.

‘तिथल्या बॉयलरचा सेफ्टी व्हॉल्व्ह अडकतो, वाफ कोंडून तो कधीही फुटेल,’ हे तिला सांगायचं होतं. पण जुन्या मालकाविषयी वाईट बोलणं ही चूक. पट्टी तिच्याच आवाजात म्हणाली, “तिथे खूप शिकले.”

“छान. त्यांचाच बॉयलर आम्ही घेतलाय, आज पेटवतोय. सोमवारपासून या.”

पट्टी काढता आली असती. नोकरी गेली असती. ती आभार मानून निघाली.

रिक्षा हायवेला लागल्यावर तिने पट्टी काढून कारखान्यात फोन केला.

“साहेब बॉयलरपाशी गेलेत, ताई,” रिसेप्शनिस्ट हसली. “जॉइनिंगची एवढी घाई?”

शाल्मलीने व्हॉल्व्हचं सांगितलं. मुलगी रिसीव्हर टाकून धावली.

एक वाजेपर्यंत तो रिसीव्हर कुणी उचललेला नव्हता.