शंभर फुटाणे

अमळनेरच्या महिला मंडळाने शतशब्दकथा मागवल्या, शब्द मोजून बरोबर शंभर. माझी लिहून झाली आणि मी घरापुढच्या ओट्यावर बसून एकेका शब्दाला एकेक फुटाणा वाटीत टाकत गेले. दुसरी बाई एकदा मोजून उठली असती. माझ्या डोक्यात मात्र सहा वर्षांपासून एकच बसलंय, की मोजणं चुकलं तर सासरे जातील. म्हणून पायऱ्या, पोळ्या, कुकरच्या शिट्ट्या, सगळं पुन्हा पुन्हा. धुळ्याच्या समुपदेशक बाई म्हणतात, "विचार आला तर येऊ द्या. त्याला हाकलू नका, त्याचं ऐकूही नका. हातातलं काम करा." म्हणायला बाईंचं काय जातं. अकरा वेळा मोजून झालं. बाराव्या वेळी मधेच गॅस बंद करायला आत गेले, परत आले तर वाटी रिकामी. "आबा, फुटाणे?" "खादात मी," चार दात उरलेले माझे सासरे शांतपणे म्हणाले. "दात शेतस ना आजून माले." आता आबा मरणार, विचार म्हणाला. हात फुटाण्यांच्या पुडीकडे गेला, पुन्हा पहिल्यापासून मोजायला. समोर आबा मजेत चावत होते. मी विचाराला म्हटलं, बस इथेच, आबांच्या शेजारी. मग अख्खी पुडी आबांच्या ओंजळीत ओतली आणि ही नवी गोष्ट लिहायला घेतली. हिचे शब्द मी मोजलेले नाहीत. परीक्षकांना मोजायचे असतील तर खुशाल मोजावेत. फुटाणे आबांनी संपवलेत.