मानेतला सूर

डॉक्टरांनी मानेवर चकती लावली आणि हणमंताची रक्तवाहिनी खोलीत वाजायला लागली. प्रत्येक ठोक्याला एक सूर, बारीक आणि चढा. हणमंत मिरजेत तंबोरे बनवायचा. तो खूशच झाला.

"काळी पाच. तार कशी कडक लागलीय बघा."

डॉक्टर हसल्या नाहीत. त्यांनी चकती काढून शेजारी बसलेल्या त्याच्या सत्तरीतल्या आईच्या मानेवर ठेवली.

खोलीभर खर्ज घुमला. असा गोल, मऊ खर्ज लागावा म्हणून हणमंत महिना महिना तंबोऱ्याच्या घोडीची जवारी घासत बसायचा. त्याच्या अंगावर काटा आला.

"माझं बिघडलंय व्हय?" आई घाबरली.

"नाही आजी, तुमची नस लवचिक आहे. यांची वड्यांनी आणि वजनानं ताठ झालीय. अशीच राहिली तर मेंदूतली एखादी नस फुटेल."

"म्या भाकरी थापायची, आन् ह्यो कोपऱ्यावर वडे हाणून यायचा," आई म्हणाली.

हणमंतानं हळूच विचारलं, "मॅडम, माझी उतरेल?"

"आजींइतकी नाही. पण खाणं बदललंत, वजन उतरवलंत, तर वर्षभरात दोन सूर उतरेल."

डॉक्टर आईच्या मानेवरची चकती काढायला गेल्या, तसा त्यानं हात आडवा धरला.

"राहू द्या जरा. सूर कानात बसू दे. माझी तार ह्यालाच लावायचीय."