अंड्यावरची मादी

टाकीतल्या खेकड्याच्या मादीनं पोटाखालची सगळी अंडी झटकून टाकली होती. खेकडेपालनाच्या मालकीणबाई कामगारावर कडाडल्या, "काल काय घातलंस हिला?"

"परवाचे मासे उरले होते, बाई. वाया कशाला घालवायचे?"

"अंड्यावरच्या मादीला शिळंपाकं? ताजे शिंपले घाल, कोळंबी घाल, किती कानीकपाळी ओरडायचं? अंगात ताकदच नसेल तर अंडी धरणार कशी ती?"

"मला वाटलं, मादीच खोडीची निघाली."

"तिच्या माथी मारू नकोस. दोष खायला घालणाऱ्याचा!"

शेजारची टाकी घासणाऱ्या बाईंच्या सुनेचा हात थबकला. तिचा दुसरा गर्भ पडून महिनाही झाला नव्हता. 'हिची कूसच खोटी' असं बाईंनी साऱ्या नात्यागोत्यात सांगून टाकलं होतं.

आता बाईंना तिच्याकडे बघवेना.

दुपारी त्यांनी लग्नानंतर पहिल्यांदाच सुनेला आपल्याबरोबर बसवलं आणि गरम जेवण आधी तिच्या ताटात वाढायला घेतलं.

सुनेनं सवयीनं ताटावर हात आडवा धरला. "मला नको, आई. कालचं उरलंय, ते खाते मी. वाया कशाला घालवायचं?"