चुकीच्या गाठी

लिंडहोल्मबाईंनी मनगटावरच्या घड्याळाकडे पाहिलं, तेव्हा हिसानो तोकिवा त्यांच्याकडेच बघत होती.

कावागुची शहरातल्या एका बंद पडलेल्या ओतकामाच्या कारखान्याच्या माडीवर तिघी उभ्या होत्या. तुळयांना जाळी टांगलेली होती, मासे धरायची कोळ्यांची असतात तशीच, फक्त कागदाच्या दोऱ्यांची. लिंडहोल्मबाई डेन्मार्कहून आल्या होत्या. तिथल्या एका संग्रहालयात पुढच्या वर्षी नव्या जपानी कलाकारांचं प्रदर्शन भरायचं होतं आणि शेवटची एकच जागा उरली होती. हिसानोचं कामच ते. नवी मुलं हेरायची, बाहेरच्यांपुढे उभी करायची, त्यांचं बोलणं इंग्रजीत सांगायचं. या खेपेला तिने दाखवलेल्या दोघांना आधीच नकार आला होता.

ही जाळी करणाऱ्या चिगुसाला सकाळी तिने बजावलं होतं, "'काही विशेष नाही, सहज केलंय' असं म्हणायचं नाही हं. मागच्या वेळी तू तसं म्हणालीस आणि तो गृहस्थ खरंच निघून गेला."

"पण विशेष नाहीच आहे, तोकिवासान."

"ते मनात ठेव."

आता बाईंनी विचारलं होतं, ही जाळी कशासाठी? चिगुसा ओनोदेरा मान खाली घालून, आपल्या केसेन्नुमा बंदराकडच्या हेलात सांगत होती. पहाटे जेवणाचे डबे भरण्याच्या कारखान्यात उभं राहायचं आणि उरलेला दिवस गाठी मारत बसायचं, यात तिची बोटं सालपटून गेली होती.

"आमचे बाबा जाळी दुरुस्त करतात. बोटी निघाल्या नाहीत की घरातल्या सगळ्यांना कामाला बसवायचे. मला भारी कंटाळा. मी मुद्दाम गाठी चुकीच्या मारायचे, म्हणजे मला उठवतील. बाबा काही बोलायचे नाहीत. माझी एकेक गाठ सोडवून परत मारायचे. या सगळ्या तसल्याच गाठी आहेत. यात मासा काही टिकायचा नाही." आणि ती स्वतःशीच हसली.

हिसानोला ते फार आवडलं. पण इंग्रजीत ओठांवर येईयेईतो तेच तिला किरकोळ वाटू लागलं. एक आळशी पोरगी, एक मुका बाप. बाईंनी पिशवी खांद्याला अडकवली होती.

"ती केसेन्नुमाची आहे," हिसानो म्हणाली. "त्सुनामी आली तेव्हा लहान होती. समुद्राने जे नेलं ते परत मिळावं म्हणून ती जाळी विणते."

बाईंची पिशवी खांद्यावरून उतरली. त्या जाळ्यांखाली जाऊन बराच वेळ उभ्या राहिल्या. मग डोळे पुसत चिगुसापाशी आल्या आणि तिचे दोन्ही हात हातात धरले. चिगुसा वाकली. मान वर केली तेव्हा ती हिसानोकडे बघत होती.

बाई जिना उतरून गेल्या. खाली टॅक्सी उभी होती.

"काय सांगितलंत तुम्ही त्यांना?"

"तू म्हणालीस तेच. थोडक्यात."

"मला इंग्रजी येत नाही. पण एक शब्द कळला. त्सुनामी. तो आमचाच आहे."

हिसानोने खाली पडलेला एक दोरा उचलला.

"आमचं घर टेकाडावर. त्या दिवशी आमच्या उंबऱ्यालासुद्धा पाणी लागलं नाही. शेजारच्या हाताकेयामाकाकूंचा मुलगा बंदरावर होता, तो गेला. काकू अजून आमच्याकडे चहाला येतात. त्यांना मी काय सांगू?" चिगुसाने खिडकीतून खाली पाहिलं. "गाडी अजून आहे. जाऊन सांगा ना."

हिसानो धावतच उतरली. उतरताना तिने वाक्यही जुळवलं: सांगताना माझी चूक झाली. टॅक्सीची काच खाली आली. बाईंचे डोळे अजून ओलेच होते.

"ती शेवटची जागा नको," त्या म्हणाल्या. "मी तिला मधलं मोठं दालन देते. एकटीला. तुम्ही मला इथे आणलंत, तुमचे उपकार आहेत."

जुळवलेलं वाक्य हिसानोच्या जिभेवर होतं. ते गिळायला फारसा वेळ लागला नाही. तिने कमरेत वाकून आभार मानले आणि टॅक्सी वळून दिसेनाशी होईपर्यंत तशीच वाकलेली राहिली. पुढे कितीतरी वर्षं तिला वाटायचं, गाडी जरा थांबली असती तर... पण गाडी थांबली होती. हवी तेवढी थांबली होती.

वर चिगुसा खिडकीपाशीच होती.

"मधलं दालन, चिगुसा. तुला एकटीला."

"तुम्ही वाकलात ते दिसलं मला."

ती रागावली असती तर हिसानोला बरं वाटलं असतं. पण ती जाळ्यांकडे बघत राहिली, मग आली आणि पाय दुमडून हिसानोच्या पुढ्यात बसली.

"ते वाक्य मला शिकवा."

"कुठलं?"

"तुम्ही सांगितलंत ते. तिकडे मलाच विचारतील. तुम्ही थोड्याच असणार सोबत?"

हिसानोने शिकवलं. एकेक शब्द, सावकाश. चिगुसा शाळकरी मुलीसारखी मागून म्हणत होती, जीभ अडखळली की पुन्हा म्हणत होती. हिसानो सवयीने उच्चार सुधारत गेली.

मध्येच चिगुसा थांबली. "समुद्राने कोणाला नेलं, असं विचारलं तर?"

हिसानोने खिडकीकडे पाहिलं.

"भाऊ म्हणते," चिगुसा जरा विचार करून म्हणाली. "मला भाऊ नाहीच. म्हणजे कोणाला बाधायचं नाही." आणि ती पुन्हा सरळ होऊन बसली. "मोठ्या भावाला इंग्रजीत काय म्हणतात, तोकिवासान?"