प्रणिताचे हात

लॅबचे प्रमुख निशिकांत सर मायक्रोस्कोपला डोळे लावून बसले होते आणि प्रणिता त्यांच्या मागे उभी होती.

मेंदूतल्या मज्जापेशींवर ग्राही प्रथिनं असतात. बाहेरचा संदेश त्यांच्यातूनच आत जातो. स्पर्मिन नावाचा एक पॉलिअमाइन रेणू त्यांच्या दारात अडकून तो संदेश मंद करतो, हे तिला जिवंत पेशींवर दाखवायचं होतं. पण स्पर्मिन घातलं की सकाळपर्यंत पेशी मरून पडायच्या. दर वेळी. इतर प्रयोगशाळांत मात्र तेवढ्याच स्पर्मिनमध्ये पेशी मजेत जगत होत्या.

प्रणिताचं मोजमाप चुकतंय, असं लॅबमध्ये दबक्या आवाजात बोललं जाऊ लागलं. हळूहळू तिलाही ते पटलं. इथे परदेशात, सेंगकांगच्या फ्लॅटमध्ये, तिने नवऱ्याला, राजसला, सांगून टाकलं की हे काम आपल्या हातांतलं नाही, पुण्याला परत जाऊ. त्याने समजूत घातली नाही.

नोकरी सोडते म्हणून सांगायला ती सरांकडे गेली, तेव्हा त्यांनीही वाद घातला नाही. एकदा मी स्वतः करून बघतो, मग ठरव, एवढंच म्हणाले. कितीतरी वर्षांनी त्यांनी लॅबकोट चढवला, स्वतः स्पर्मिन मोजलं, स्वतः पेशींत घातलं.

आज त्यांच्या पेशी जिवंत निघाल्या, तर तिचं इथलं सगळं संपणार होतं.

सरांनी मान वर केली.

"माझ्याही मेल्या."

प्रणिता स्टुलावर बसली. तिला हसू आवरेना.

मग दोघं कारणामागे लागले. पेशी ज्या द्रावात वाढवत, त्यात त्यांना पोसायला वासराच्या रक्तातलं सीरम घालत. त्यातलं एक विकर, म्हणजे एन्झाइम, स्पर्मिनचं विष करून टाकत होतं; इतरांनी सीरम वापरलंच नव्हतं. प्रणिताने सीरम काढून पुन्हा प्रयोग मांडला. पेशी जगल्या, आणि ग्राहींतून जाणारा संदेश तिने म्हटलं होतं तसाच मंदावला.

"म्हणजे माझे हात वाईट नव्हते, सर," ती म्हणाली.

"मला तर आधीच कळायला हवं होतं," सर म्हणाले. "हात वाईट असते ना, तर पेशींची एखादी प्लेट तरी चुकून जगली असती."