गोपिकाचं मत

आचल दहावी पास झाली, त्या उन्हाळ्यातली गोष्ट. निकाल लागून आठ दिवस झाले होते. अकरावीचं काय, असं ती रोज विचारायची आणि तिचे आजोबा मधुकरराव रोज 'पाहू' म्हणायचे.

दुसऱ्या दिवशी सिंदी रेल्वे या गावचा बाजार होता. मळ्यातल्या कडुलिंबाखाली आजोबा आणि नात सांबाराच्या, म्हणजे कोथिंबिरीच्या, जुड्या बांधत बसले होते. शेजारचे बाबाराव नुसतेच बसले होते.

"हिचा हात मायसारखाच चालते, मधुकर," बाबाराव म्हणाले.

मधुकररावांनी पुढची जुडी बांधायला घेतली.

तेवढ्यात बांधावरून एक मुलगी आली. वर्ध्याच्या कॉलेजातली, नाव मेघा. हातात छापील कागदांचा गठ्ठा. बारावीपर्यंतचं शिक्षण सगळ्यांना फुकट असावं का, यावर ती गावोगाव लोकांची मतं लिहून घेत होती.

"फुकट देल्लं का कदर राह्यत नाई, पोरी," बाबारावांनी लगेच सांगितलं. "फी भरली का मायबापाचं ध्यान राह्यते. माह्या प्रफुल्लची म्या पुरी फी भरली."

"अन् तो तीन डाव नापास झाला," आचल म्हणाली.

सगळ्यांत मोठ्यानं बाबारावच हसले. "हे नोको लिहू वो बाई."

मेघा मधुकररावांकडे वळली. त्यांचं उत्तर तयार होतं. पंचवीस-तीस वर्षं ते हेच उत्तर देत आले होते.

"फुकटच पायजे. फी नसती तं हिची माय शिकली असती. माही गोपिका. आठवीतून काढा लागली मले तिले."

आचलनं मान हलवली. तिला हे पाठ होतं. मेघानं लिहिलं आणि सहीसाठी कागद पुढे केला.

"थांब, वाचतो."

मधुकरराव बोट ठेवून वाचू लागले. 'फी भरता न आल्याने मुलीची शाळा सुटली.' बोट पहिल्याच अक्षरावर अडलं. फ.

ते अक्षर त्यांना गोपिकानंच शिकवलं होतं. शाळा सुटली त्याच्या पुढच्या वर्षी गावात प्रौढांचा वर्ग निघाला. वर्गात जायची त्यांना लाज वाटायची, म्हणून पोरीनं मळ्यातच शिकवलं. ओल्या वाफ्यात काडीनं अक्षर काढायची. प काढा बाबा, अन् त्याले बाहेरून शेपूट लावा. चाळिशी ओलांडलेला बाप चिखलात शेपूट लावायचा आणि पोरगी हसायची.

त्यांनी कागद परत दिला.

"खोड हे."

"काय झालं, आजोबा?"

"फी माफ होती. पोरींची तवाच माफ होती. गुरुजी दोन डाव घरी आलते. पुस्तकं बी देतो म्हणत होते." हातातल्या जुडीकडे पाहत ते बोलत राहिले. "तिनं बांधलेली जुडी चार काड्या कमी घातल्या तरी भरल्यावाणी दिसे. बाजारात बाया तिचीच जुडी मागत. म्हणून ठेवली म्या तिले घरी."

बाबारावांनी तंबाखूची पुडी काढली आणि तशीच खिशात ठेवली.

"पण मायनं बी मले फीचंच सांगतलं होतं," आचल म्हणाली. "तिले मालूम नोयतं का?"

"गुरुजी आले तवा ती दारातच उभी होती."

आचलच्या हातातली अर्धी जुडी सुटली. काड्या मांडीवर पसरल्या. तिनं त्या गोळा केल्या नाहीत.

मेघानं ओळ खोडली. मग हळूच म्हणाली, "आजोबा, मग मत काय लिहू? फुकट असावं की नसावं?"

"माह्यं मत कायले लिवतं? जिची शाळा गेली तिले इचारा लागत होतं. तवा कोणंच इचारलं नाई. म्या बी नाई."

"मग घेऊ ना त्यांचंही मत," मेघा म्हणाली. तिनं गठ्ठ्यातून नवा कागद वर घेतला आणि पहिल्या रकान्यात लिहिलं, गोपिका. "कुठे असतात त्या? नंबर सांगता?"

गोपिका वडनेरला, सासरी, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी तापानं वारली होती. तेव्हा आचल चौथीत होती.